कुत्र्याची जात आणि शेजाऱ्याचा हक्क

अमेरिकेत भाडेकरू विमा उतरवतो तो केवळ सामानासाठी नव्हे. त्याचा कुत्रा कोणाला चावला, तर भरपाईही बहुधा त्यातूनच मिळते. पण पिटबुल, रॉटवायलर अशा जातींच्या धन्यांना अनेक कंपन्या विमा नाकारतात. मग अर्जात जात लपवावी काय?

निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा न्याय जातीवरून नव्हे, खोडीवरून होतो. खोड ठाऊक असून त्याला न आवरणारा धनी दोषी. त्या मापाने सरसकट नकार अन्यायाचाच. न्यूयॉर्क राज्याने २०२१ साली घरमालकांच्या विम्यात त्यास मनाई केली.

तरीही खोटे लिहू नये. ते उघडकीस आले की कंपनी भरपाई नाकारू शकते. अन्याय कंपनीचा, पण भोगते चावा सोसलेले शेजारचे लेकरू. म्हणून खरे सांगून, महाग पडला तरी, मिळेल तो विमा घ्यावा.