करवतीचं गार्ड आणि गुरुकृपा

 

सेवेकरी भगिनींमध्ये परवा एक प्रश्न निघाला. मंडपाचं काम करणाऱ्या सुतारदादांच्या विजेच्या करवतीचं गार्ड तुटलं असेल, तर नवीन बसेपर्यंत काम थांबवावं का? कुणी म्हणालं, “इतक्या वर्षांचा हात आहे, आणि माउली सांभाळतातच की!”

आम्ही यावर विचार केला. सात इंची पातं मिनिटाला साधारण 5000 फेरे घेतं. खालचं गार्ड स्प्रिंगवर असतं. लाकूड कापताना ते मागे सरकतं आणि कापून झालं की आपोआप पातं झाकतं. बटण बंद केलं तरी पातं काही क्षण फिरतच राहतं.

हात कितीही तयार असो, मनाचं काय? जपाची एक माळ पूर्ण होईपर्यंत मन किती वेळा पळतं, हे आपण सगळेच जाणतो. त्या एका क्षणासाठी गार्ड असतं. मग कृपा गार्डच्या रूपानेच आली, असं का मानू नये? ते काढून ठेवायचं आणि माउलींनी सांभाळावं म्हणायचं, ही श्रद्धा नव्हे, गुरूंची परीक्षा झाली.

शिवाय धोका एकट्याचा नसतो. फळी धरणारा पोरगा “नको” म्हणू शकत नाही, त्याची रोजी जाते. आपल्या बुरहानपुरात पॉवरलूमवाल्या घरांना हे सांगायला नको. उडालेला धोटा मालक-मजूर बघत नाही.

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 21 ने सांगितलं, की मशीन चालू असेपर्यंत धोक्याच्या भागावरचं झाकण जागेवर हवं. पण दोन-तीन माणसांच्या दुकानात साधारणपणे तो कायदा पोचत नव्हता. जिथे तपासणारा येत नाही, तिथेच आपला धर्म कळतो.

म्हणून ताई-दादांनो, घरी फर्निचरचं काम काढलं तर “कधी होईल?” च्या आधी “गार्ड नीट आहे ना?” विचारा. तुटलं असेल तर तार-टेपने बांधू नका. प्लग काढून, त्याच मॉडेलचं गार्ड बसवू द्या आणि ते झटकन परत येतं का, ते बघायला सांगा. एक दिवस उशीर झाला, थोडा खर्च वाढला, तर आपण सोसू. ज्याचं काम, त्याचीही जबाबदारी. हीसुद्धा सेवाच.

जय गुरुदेव 🙏