गुपित कोणाचे?

युद्धकाळावर बेतलेल्या कादंबऱ्यांत एक कथानक वारंवार आढळते. एक तरुण स्त्री सरकारी कचेरीत नकाशे काढण्याच्या कामावर असते. तिने गुप्ततेची शपथ घेतलेली असते. पुढे तिचे कोणावर तरी प्रेम जडते, लग्न होते, मुलेबाळे होतात, आणि चाळीस-पन्नास वर्षे ती आपल्या माणसांना त्या दिवसांविषयी एक अक्षरही सांगत नाही. तिच्या मरणानंतर एखादी नात जुनी ट्रंक उघडते, तळाशी घडी घातलेला नकाशा सापडतो, आणि घरातले कोडे उलगडते. वाचक डोळे पुसतो व पुस्तक मिटतो. परंतु एक प्रश्न तसाच राहतो, आणि मुलांना दर रविवारी ‘खरे बोला’ असे शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी तो टाळू नये. ही स्त्री आपल्या नवऱ्याशी चाळीस वर्षे खोटे वागली काय?

प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. इंग्लंडात ह्यूएन्डेन मॅनॉर नावाचा एक वाडा आहे. एकेकाळी पंतप्रधान डिझरायली यांचे ते घर होते. दुसऱ्या महायुद्धात हवाई खात्याने तो ताब्यात घेतला, त्याला ‘हिलसाइड’ हे सांकेतिक नाव दिले आणि तेथे सुमारे शंभर माणसे कामाला बसवली. त्यांत स्त्रियाही होत्या. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून बाँबफेकी विमानांसाठी नकाशे काढायचे, हे त्यांचे काम. युद्ध संपले, माणसे आपापल्या घरी गेली, आणि दिलेला शब्द त्यांनी इतका पाळला की वाडा लोकांना पाहण्यासाठी खुला झाल्यावरही तेथे काय चालले होते याचा कोणाला पत्ता नव्हता. सन २००० नंतर कधीतरी एक म्हातारे गृहस्थ वाडा पाहण्यास आले. ते आपल्या नातवंडाला हळू आवाजात काही सांगत होते, ते तेथल्या मार्गदर्शकाच्या कानी पडले, आणि गोष्ट बाहेर आली.

या निष्ठेबद्दल आदर वाटतो. पण येथे थोडे थांबले पाहिजे. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या रूर भागातील धरणे बाँब टाकून फोडण्यात आली. त्या मोहिमेसाठीही ‘हिलसाइड’मध्ये नकाशे तयार झाले होते. धरणे फुटली आणि हजाराहून अधिक माणसे वाहून गेली. त्यांत पुष्कळशी तर जर्मनांनी वेठीस धरून आणलेली परदेशी मजूर माणसे होती, स्त्रियाही होत्या. नकाशावर धरण म्हणजे एक जाड रेघ, आणि खालचे गाव म्हणजे एक ठिपका. त्या ठिपक्यात कोण राहते हे नकाशा सांगत नाही. जोयडा तालुक्यातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. काळी नदीवर सुपे धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, उठलेली कुटुंबे रामनगरकडे वसली. तेव्हा नकाशा काढणाऱ्या हाताला पुढच्या चाळीस वर्षांत काही आठवत असेल, तर ते मौन केवळ शपथेचे होते की दुःखाचे, हे बाहेरच्याने कसे ठरवावे? शपथ पुष्कळदा सोयीचे पांघरूण होते. जे सांगायला जीभ वळत नाही, ते ‘सांगण्याची मनाई आहे’ म्हणून आत ठेवता येते.

याच तालुक्यात एक दुसरी कथा घडली. तीत युद्ध आहे, गुपित आहे, आणि प्रेमही आहे.

कॅसलरॉक हे गोव्याच्या हद्दीवरचे रेल्वे ठाणे. येथून गाडी ब्रागांझा घाटाने दूधसागराकडे उतरते. सन १९५५ मध्ये, गोव्यातील सत्याग्रहानंतर, भारत आणि पोर्तुगीज गोवा यांमधील वाहतूक बंद झाली आणि गजबजलेले हे ठाणे हद्दीवरचे रान बनले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला एका गुप्त रेडिओ केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. आधी सावंतवाडीजवळ आंबोलीहून व पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून, ट्रकवर बसवलेल्या यंत्राच्या साहाय्याने, पोर्तुगीज व कोंकणी भाषांत गोव्यातील लोकांना बातम्या दिल्या जात. केंद्राचे नाव ‘गोव्याच्या मुक्तीचा आवाज’ अशा अर्थाचे होते. हे काम वामन सरदेसाई व लिबिया लोबो या दोघांनी डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, चालवले. आरंभी निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्याबरोबर होते.

लिबिया लोबो यांचा जन्म १९२४ चा. त्या गोव्याच्या, महायुद्धाच्या काळात त्या मुंबईत होत्या आणि इटालियन युद्धकैद्यांच्या पत्रांचे भाषांतर करण्याचे काम त्यांना मिळाले होते. त्या वयाच्या मुलीच्या दृष्टीने हे काम काय असेल याचा विचार करून पाहावा. एक कैदी दूर देशी आपल्या बायकोला पत्र लिहितो. त्या दोघांच्या मध्ये, त्यांना ठाऊक नसलेली, एक तिसरी व्यक्ती ते पत्र वाचते. वाचणे हे तिचे कर्तव्य. पण वाचलेले बाहेर न बोलणे हेही तितकेच तिचे कर्तव्य. परक्याचे गुपित आपल्या हाती आले म्हणून ते आपले होत नाही. पाळकांना, डॉक्टरांना व परिचारिकांना हे चांगले माहीत असते. शिक्षकांना मात्र नेहमीच असते असे नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

कॅसलरॉकच्या जंगलात पावसाळे, साप, जनावरे, आणि शहरातल्या साऱ्या ओळखींपासून तुटलेपण. एवढे सोसून जे लपवायचे होते ते काय होते? फक्त जागा. बोललेला शब्द लपवायचा नव्हता. तो तर जितक्या दूर जाईल तितका हवा होता. पोर्तुगीज सरकारचे वर्तमानपत्र जे दाबून ठेवी ते सांगण्यासाठीच तो रेडिओ होता. म्हणजे येथे गुपित सत्याच्या विरुद्ध नव्हते, सत्याला आडोसा देत होते. हा भेद बारीक आहे, पण माझ्या मते सर्व काही त्यावर अवलंबून आहे. प्रत्येक लपवलेल्या गोष्टीविषयी विचारता येते की हिच्या आडून काय जगत आहे.

दुसरी गोष्ट प्रेमाची. कादंबरीतल्या नकाशेवालीचे गुपित तिच्या व तिच्या माणसाच्या मध्ये भिंतीसारखे उभे असते. कॅसलरॉकच्या या दोघांचे गुपित मात्र दोघांचे मिळून होते. १५ डिसेंबर १९६१ रोजी, शरण येण्याविषयी भारताच्या संरक्षणमंत्र्यांचा पोर्तुगीज गव्हर्नर-जनरलला दिलेला निरोप याच केंद्रावरून ऐकवला गेला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि दोघे विमानात बसून, ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता सांगत व पत्रके टाकीत गोव्यावरून फिरले. ज्यांनी सहा वर्षे स्वतःला लपवले, त्यांनी आकाशातून ओरडून सांगावे, असे आयुष्यात क्वचितच घडते. १९६४ मध्ये त्यांचे लग्न झाले. जानेवारी २०२५ मध्ये लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांना शंभरावे वर्ष पुरे झालेले होते. वेळ सरल्यावर त्यांनी आपली हकिकत मोकळेपणाने सांगितली.

सरकारेसुद्धा कधीतरी गुपिते उघडतात. हद्दीजवळचे व किनाऱ्याचे मोठ्या मापाचे सर्वेक्षण-नकाशे आपल्याकडे कितीतरी वर्षे सामान्य माणसाला मिळत नसत; २००५ च्या धोरणाने सैन्याचे व जनतेचे नकाशे वेगळे केले, आणि २०२१ मध्ये बंधने आणखी सैल झाली. घरातल्या गुपितांना मात्र अशी मुदत कोणी घालत नाही. ती आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे जातात, आणि मूळ कारण केव्हाच मेलेले असते.

आता तत्त्वाकडे वळू. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांना एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली. हिटलरविरुद्धच्या कटात भाग असल्याने त्यांना दुहेरी आयुष्य जगावे लागले होते. अटकेच्या थोडेच आधी त्यांचे मारिया फॉन वेडेमायर यांच्याशी लग्न ठरले होते. तुरुंगात त्यांनी खरे बोलणे म्हणजे काय यावर एक लेख लिहायला घेतला. तो अपुराच राहिला, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. त्या लेखात त्यांनी दिलेले उदाहरण प्रत्येक शब्बाथशाळा-शिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे. शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतात, तुझा बाप दारू पिऊन घरी येतो, हे खरे ना? गोष्ट खरी असते. मूल ‘नाही’ म्हणते. बोनहोफर म्हणतात की मुलाचे उत्तर खोटे असले, तरी घराची अब्रू राखण्याचे जे सत्य त्यात आहे ते त्या शिक्षकाला कळलेलेच नाही. आणि दोष द्यायचा तर तो प्रश्न विचारणाऱ्याला द्यावा. सत्य हे ऐकणाऱ्याच्या अधिकाराशी व नात्याशी बांधलेले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

काँटसारखा तत्त्ववेत्ता याला मुळीच राजी झाला नसता. खुनी दाराशी येऊन तुमच्या मित्राचा ठाव विचारील, तरी त्याच्याशी खोटे बोलू नये, असे त्याने १७९७ मध्ये लिहिले. त्याची भीती अगदीच पोकळ नाही. ‘तुला विचारण्याचा अधिकार नाही’ ही वाट एकदा उघडली की लबाडही तिच्यावरून चालतो. हिशेब दडवणारा खजिनदारही हेच म्हणेल. पण मला राहाबेची आठवण होते. तिने हेरांना धाब्यावर सणाच्या काड्यांखाली लपवले आणि राजाच्या माणसांना भलतीच दिशा दाखवली, तरी इब्री लोकांस पत्र व याकोबाचे पत्र या दोन्हींत तिचे नाव आदराने येते. तिच्या विश्वासाची वाखाणणी आहे, खोट्याची नाही, असे आपण शिकवतो, व ते बरोबरही आहे. तरीपण छतावर जीव लपलेले असताना खाली उभ्या शिपायांना तिने नक्की कोणते खरे सांगायला हवे होते, हे वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले तर उत्तराची तयारी ठेवावी. (त्याच यहोशवाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात प्रत्येक वंशातून तीन-तीन माणसे देश फिरून त्याचे वर्णन पुस्तकात लिहून आणतात. नकाशाचे काम इतके जुने आहे.)

मला स्वतःला बोनहोफर यांचे म्हणणे पटते. मात्र त्यात एक भर घालावीशी वाटते. गुपित कोणाचे, हे पाहावे तसे त्याची किंमत कोण भरतो हेही पाहावे. राहाबेने स्वतःचा जीव पणाला लावला. कॅसलरॉकच्या दोघांनी आपली सहा वर्षे दिली. वर्गातल्या त्या मुलाने बापाची लाज स्वतःवर घेतली. या साऱ्यांत गुपित राखणारा किंमत भरतो. आपल्या घरांतील किती गुपिते या कसोटीला उतरतील?

लग्न जमवताना मुलाचे जुने दुखणे सांगितले जात नाही. किंमत भरते ती सून. दत्तक घेतलेल्या मुलाला ते कधीच सांगितले जात नाही, आणि एके दिवशी लग्नाच्या मांडवात कोणी लांबची काकू ते बोलून जाते. आजोबांची मूळची जात व गाव यांचे नाव घरात घ्यायचे नाही असा दंडक असतो, म्हणून नातवाला आपण कोठून आलो हे ठाऊक नसते आणि त्या गावातले सख्खे चुलते त्याला परके राहतात. हे सर्व प्रेमापोटीच केले असे आपण म्हणतो. काही वेळा ते खरेही असते. मत्तयाने वंशावळ लिहिली तेव्हा तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी ही नावे गाळणे त्याला सोपे होते; इतर आज्यांची नावे त्याने गाळलीच आहेत. जी कोणीही झाकली असती तीच त्याने ठेवली.

योसेफाच्या भावांनी गुपित राखले ते बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या झग्याच्या आड. योसेफ तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढची बावीस वर्षे ते बापाला रोज शोक करताना पाहत होते, त्याचे सांत्वनही करीत होते, आणि एकानेही तोंड उघडले नाही. किंमत सारी म्हाताऱ्याने भरली. मिसरात सर्वांची भेट झाल्यावर विकण्याची ती हकिकत त्यांनी बापाला सांगितली की नाही, हे उत्पत्तीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले नाही. बाप आणखी सतरा वर्षे जगला. त्याला पुरून आल्यावर भावांना पुन्हा भीती पडली आणि त्यांनी योसेफाकडे निरोप पाठवला की, मरण्यापूर्वी आपल्या बापाने तुला क्षमा करण्यास सांगितले होते. बाप असे काही बोलल्याचे इतरत्र कोठे आढळत नाही. गुन्ह्याला तोवर जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती, क्षमा होऊनही सतरा वर्षे, आणि भाऊ अजून आडूनच बोलत होते. निरोप ऐकून योसेफ रडला.