पासबुकातलं परधन

1860 सालच्या भारतीय दंड संहितेत 403 व्या कलमाखाली काही उदाहरणं दिलेली होती. कायद्याच्या पुस्तकात रमावं असं फार थोडं असतं. ही उदाहरणं मात्र चिमुकल्या गोष्टींसारखी आहेत. एकाला हमरस्त्यावर रुपया सापडतो. कुणाचा ते त्याला ठाऊक नाही. तो उचलतो. हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याला वाटेत पत्र सापडतं, आत नोट असते. पत्ता आणि मजकूर वाचून नोट कुणाची ते त्याला कळतं, तरी तो ती खिशात घालतो. हा गुन्हा. 1 जुलै 2024 ला दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, 403 चं 314 झालं, शिक्षेला किमान सहा महिने कैदेची अट लागली. पण मूळ प्रश्न बदलला नाही. मालक कोण, हे ज्याला सापडलं त्याला कळलं होतं का?

खात्यावर चुकून जमा झालेले पैसे या दोन गोष्टींपैकी कुठल्या गोष्टीत बसतात, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचं नाव असतं, कधी नुसता यूपीआय आयडी, कधी एक लांबलचक आकडा. म्हणजे दिसायला ते पत्र. पण त्या नावामागे कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणजे पुन्हा तो रस्त्यावरचा रुपयाच. फरक इतकाच की हा रुपया आपण वाकून उचललेला नाही. तो आधीच खिशात येऊन पडला आहे.

असल्या प्रश्नांवर ठाण्यात एकेकाळी जाडजूड ग्रंथ लिहिला गेला, हे मासुंदा तलावाच्या काठी भेळ खाणाऱ्याला सांगून पटणार नाही. 12 व्या शतकात, ठाणे म्हणजे स्थानक ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी असताना, त्यांच्यातल्या अपरादित्य राजाने याज्ञवल्क्यस्मृतीवर विस्तृत टीका लिहिली. ‘अपरार्क’ म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि पार काश्मिरात तिला मान होता. याच स्मृतीवरची दुसरी थोर टीका, विज्ञानेश्वराची मिताक्षरा, कल्याणची. हे ऐकून कल्याणकरांनी लगेच छाती फुगवू नये. ते कल्याण चालुक्यांचं, बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. नाव तेच, पत्ता भलताच. आपल्या विषयाला इतकं चपखल उदाहरण मागूनही मिळालं नसतं.

हरवलेल्या वस्तूचं काय करायचं याचा स्मृतिकारांनी बारकाईने विचार केलेला आहे. वस्तू राजाच्या ताब्यात राहायची. मालकाने येऊन हक्क सांगायला याज्ञवल्क्य वर्षभराची मुदत देतो, मनू तीन वर्षांची. पण मला त्या मुदतीपेक्षा मनूची पुढची तरतूद जास्त शहाणपणाची वाटते. ‘ही माझी’ म्हणत येणाऱ्याला वस्तूचा रंग, आकार, संख्या, कुठे हरवली, कधी हरवली, हे सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर वस्तूच्या किमतीइतका दंड त्यालाच. म्हणजे हरवलेल्या वस्तूला खऱ्या मालकाआधी खोटा मालक भेटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ज्याला सापडली तो आणि मागणारा यांच्यामध्ये राजा उभा केला. कल्याण स्टेशनवर गाडीत राहिलेली बॅग आज रेल्वे सुरक्षा दलाकडे जाते, ‘ऑपरेशन अमानत’ या नावाने तिची नोंद होते आणि आत काय काय आहे ते सांगितल्याशिवाय हातात पडत नाही. व्यवस्था तीच.

नारदस्मृती आणखी पुढे जाते. भीतीने, रागाने, शोकाच्या भरात, थट्टेत, फसवणुकीने, अपात्र माणसाला पात्र समजून दिलेलं, अशा सोळा प्रकारच्या दानांना ती दिलेलं मानतच नाही. हातातून वस्तू गेली एवढ्याने दान होत नाही, त्यामागे देणाऱ्याचं मन लागतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 72 वं कलम हेच एका ओळीत सांगतं: चुकीने मिळालेले पैसे किंवा वस्तू परत केलीच पाहिजे. चूक कुणाची, निष्काळजी कोण, हे तिथे विचारलेलं नाही. इंग्लंडमध्ये 1841 साली केली विरुद्ध सोलारी या खटल्यात हा मुद्दा निघाला होता. हप्ता न भरल्याने बंद पडलेल्या विम्याचे पैसे कंपनीने मृताच्या पत्नीला देऊन टाकले. पॉलिसी बंद पडल्याचा शेरा असूनही संचालक ते विसरून गेले होते. न्यायालयाने म्हटलं, खरंच विसरले असतील तर मागू शकतात; गाफील होते म्हणून हक्क जात नाही. ‘बँकेची चूक, आपण का निस्तरायची?’ असं सोसायटीच्या कट्ट्यावर तावातावाने विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षं तयार आहे. आणि गप्प बसून मुदत संपेल म्हणावं, तर आपला मुदतीचा कायदाही चूक उघडकीला आल्यापासून दिवस मोजायला लागतो.

तरीही ‘आपल्या खात्यातले पैसे’ ही कल्पना मनातून हलत नाही, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. खात्यात आपले पैसे नसतातच. 1848 मध्ये फोली विरुद्ध हिल या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे स्पष्ट केलं: ठेवलेला पैसा बँकेचा होतो, आपल्याकडे उरतो तो फक्त तिच्याकडून येणं असल्याचा हक्क. पासबुक म्हणजे बँकेने लिहून दिलेलं कर्जखत. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. कागद गेले, येणं संपलं. उलट दिशेने पाहा: चुकीचा जमेचा आकडा म्हणजे जे देणं नाही ते बँकेने कबूल करून बसणं. आपल्या हाती काही आलेलं नसतं, समोरचा नुसता चुकीचं बोललेला असतो. ते बोलणं खरं धरून आपण एटीएममधून नोटा काढतो तेव्हा ‘आपोआप आलं’ हे म्हणणं संपतं. तिथून पुढे जे होतं ते आपण केलेलं असतं.

10 ते 13 नोव्हेंबर 2023 या चार दिवसांत युको बँकेच्या सुमारे 41,000 खात्यांवर अशी 820 कोटींची कबुली उमटली. आयएमपीएसचे व्यवहार पाठवणाऱ्याकडे अयशस्वी दिसत होते, त्यांच्या खात्यातून एक पैसा वजा झाला नव्हता, आणि इकडे जमा मात्र होत होते. कुणाच्याच खिशातून न निघालेले पैसे! दहा तारखेला धनत्रयोदशी होती आणि बारा तारखेला लक्ष्मीपूजन. लक्ष्मी इतक्या शब्दशः घरी आल्यावर कितीजणांनी तिला देव्हाऱ्यात बसू दिलं आणि कितीजणांनी लगबगीने दुसऱ्या खात्यात हलवलं, याचा हिशेब पुढे सीबीआयला करावा लागला. छापे महाराष्ट्रातही पडले. बँकेने खाती गोठवून थोड्याच दिवसांत 649 कोटी परत मिळवले. मला यात कुतूहल आहे ते त्या हलवणाऱ्यांच्या मनाचं. बुडालेला माणूस डोळ्यांसमोर नसला की परधन परकं वाटेनासं होतं. बँकेला तोंड नाही, मग तळतळाट कुणाचा लागणार?

पैठण तालुक्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट मात्र मी या माळेत ओवणार नाही. 2021 मध्ये त्याच्या जनधन खात्यावर 15 लाख आले. पंतप्रधानांनी दिलेला शब्द पाळला असं त्याला वाटलं, त्याने आभाराचं पत्र धाडलं आणि सुमारे 9 लाख खर्चून घर बांधलं. पुढे काही महिन्यांनी कळलं की ते एका ग्रामपंचायतीचे विकासनिधीचे पैसे. लोक हसले. पण आभार मानून कुणी चोरी करत नाही. फौजदारी कायद्याला लबाडी लागते. ती इथे कुठे दिसते? 72 वं कलम मात्र लबाडी विचारत नाही, ते घराच्या भिंतीकडे बघूनही परतच मागतं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कमधल्या बड्या धनकोंनी असाच बचाव मांडला होता. ऑगस्ट 2020 मध्ये सिटी बँकेने रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं व्याज द्यायच्या ऐवजी सुमारे 90 कोटी डॉलर देऊन टाकले. ‘आम्हाला वाटलं, मुद्दलच फेडलं’ म्हणत काहींनी सुमारे 50 कोटी धरून ठेवले. खालच्या न्यायालयाने 2021 मध्ये ते मान्यही केलं. सप्टेंबर 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. वकिलांची फौज असलेल्यांना जे दीड वर्ष पचलं, ते पैठणच्या शेतकऱ्याला एका नोटिशीनंतर पचलं नाही.

पैसे भलत्याच खात्यात जाणं पूर्वी इतकं सोपं नव्हतं. आमच्या भागात सहकारी बँका उभ्या राहिल्या त्या डोंबिवली नागरी 1970 मध्ये, ठाणे जनता 1972 मध्ये, कल्याण जनता 1973 मध्ये. तेव्हा काउंटरपलीकडचा माणूस खातेदाराला चेहऱ्याने ओळखायचा, सही वाकडी आली तर ‘तब्येत बरी नाही का?’ विचारायचा. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिली की इलेक्ट्रॉनिक पैसे फक्त खाते क्रमांक पाहून जमा करावेत. क्रमांक बरोबर टाकण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि मोबाइल नंबर हाच पैशाचा पत्ता झाला. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, एक आकडा चुकला की यंत्र अडतं. मोबाइल नंबरला असला पहारेकरी नाही. एक आकडा चुकवा, बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी घंटा वाजते.

त्या दुसऱ्या कुणाच्या जागी मध्यंतरी आमच्या शेजारच्या इमारतीतले नाना होते. 18,000 जमा आणि पाचव्या मिनिटाला फोन. “काका, चुकून तुम्हाला गेले हो. आईला ॲडमिट केलंय. मी नंबर देतो, त्यावर टाका ना लगेच.” काकू म्हणाल्या, “अहो, टाकून मोकळे व्हा, कुणाचे तळतळाट नकोत.” नानांनी आधी मेसेजवर न विसंबता शिल्लक पाहिली. पैसे खरंच आलेले होते. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, “तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार करा, मी माझ्या बँकेला लिहून देतो. आले त्या वाटेने जातील.” पलीकडून नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

नानांचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही, फोन करणारा खरा असला तरीही. कारण दिलेला नंबर पैसे ज्या खात्यातून आले त्याचा नव्हता. पैसे कुणा तिसऱ्याला लुबाडून पाठवलेले असते, तर नाना स्वतःच्या हाताने चोराचा माल पुढे सरकवणारे ठरले असते. वर मूळ मालकाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करताच पोलिसांच्या पत्रावरून नानांचं पेन्शनचं खातं गोठलं असतं. चांगुलपणाची घाई हेच आता फसवणाऱ्यांचं भांडवल आहे. मनूने मध्ये राजा उभा केला तो यासाठीच, आणि आज त्या जागी उभी राहू शकते ती बँक. फक्त ती उभी राहायला तयार असली पाहिजे.

ती दुसऱ्या दिवशी फारशी तयार दिसली नाही. “मग द्या ना पाठवून ज्याचे त्याला,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. पत्ता बदलायला फॉर्म, नॉमिनी बदलायला फॉर्म, लॉकरला फॉर्म. नको असलेले पैसे परत करायला फॉर्म नाही. नानांनी साध्या कागदावर अर्ज लिहिला, व्यवहाराचा क्रमांक घातला, रक्कम उलट फिरवायला संमती दिली, आणि दुसऱ्या प्रतीवर ‘इनवर्ड’चा शिक्का घेतल्याशिवाय हलले नाहीत. ते 18,000 न खर्चता तसेच खात्यात ठेवले. बऱ्याच दिवसांनी एक नावेची नोंद पडली आणि पैसे गेले. कुणाचे होते, हे नानांना कुणी कळवलं नाही.

1 एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना सक्तीची झाली. यूपीआयवरही आता बँकेत नोंदलेलंच नाव दिसतं. चांगलं झालं, पण डोंबिवलीत एकाच नावाचे आणि आडनावाचे किती कुलकर्णी आणि किती पाटील निघतील याचा अंदाज कुठल्याही सोसायटीच्या टपालपेट्या वाचून यावा, आणि गर्दीत लोकलच्या दारात उभा माणूस नाव वाचतो की नुसतं ‘पे’ दाबतो तेही आपण जाणतो. चुका व्हायच्याच. तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बँकांनी आधी तो एक पानी फॉर्म छापावा: रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक, उलट फिरवण्यास संमती, सही, आणि पोच. मसुदा हवा असेल तर नानांच्या फायलीत शिक्क्यासकट तयार आहे.