सिझरचा टक्का

नांदेड की लातूर? आमच्या घरात सध्या हाच विषय चालू आहे. आम्ही दोघं पुण्यात नोकरीला. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नांदेडला. माझ्या आईला वाटतं, लातूरला डॉक्टर ओळखीचे आहेत. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, एक्सेल उघडलं. खर्च, अंतर, रक्तपेढी हे रकाने भरले. ‘सिझरचा टक्का’ हा रकाना रिकामाच राहिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की देशात खासगी दवाखान्यांतल्या १०० बाळंतपणांपैकी सुमारे ४७ सिझर होतात, सरकारीत १४. दवाखान्याचं दार बदललं म्हणून बाईचं शरीर एवढं बदलत नाही. २०१७ साली मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांनी हा आकडा जाहीर करावा, अशी ऑनलाइन याचिका केली. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मागणी रास्तच होती.

पण समजा, आकडा मिळाला. कमी टक्का म्हणजे चांगला दवाखाना का? अवघड केस पुढे पाठवून देणाऱ्या दवाखान्याचा टक्का आपोआप कमी दिसेल. विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी अडलेल्या बायका येतात, तिथला वाढणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये १० ते १५ टक्के म्हटलं होतं. २०१५ मध्ये तिनंच स्पष्ट केलं की ठरावीक टक्का गाठणं महत्त्वाचं नाही, जिला गरज आहे तिला सिझर मिळणं महत्त्वाचं.

शिवाय सगळंच पैशासाठी होतं असंही नाही. कळा बारा-बारा तास चालतात. डॉक्टर एकटा, भूलतज्ज्ञ बाहेरून येणार, आणि दाराशी नातेवाईक ‘करून टाका’ म्हणत उभे.

बायको म्हणाली, “मी काही टक्का नाही. रात्री दोनला कळा आल्या तर तिथं कोण असेल, ते विचार.”

आता मी तेच विचारतो. पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपणहून सुरू झालेल्या. अशांपैकी किती जणींचं सिझर झालं? भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतो? असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

तरी एक गोष्ट टोचते. मला दोन शहरांत निवडता येतं. किनवटहून रात्री जीपमधून निघालेल्या बाईला जे पहिलं दार उघडं मिळेल तेच तिचं. म्हणून हा आकडा माझ्या एक्सेलमध्ये येऊन भागणार नाही. दरपत्रकाशेजारी, भिंतीवर, मराठीत तो लागला पाहिजे. निवड करता न येणाऱ्या बाईलाही डॉक्टरला “का?” विचारता आलं पाहिजे.