राजकन्या परत का गेली?

काही कथा अशा असतात की त्यांच्यावरून परक्याशी वाद होत नाही, मित्राशीच होतो. विल्यम वायलर यांचा १९५३ सालचा ‘रोमन हॉलिडे’ हा बोलपट त्यांपैकीच एक. वारंगा फाट्यावर माझे एक औषधविक्रेते स्नेही आहेत. त्यांचा व माझा हा वाद दोन वर्षे चालू आहे. फाट्यावरची खिचडी संपते, वाद संपत नाही.

गोष्ट साधी आहे. कुठल्याशा अनाम देशाची राजकन्या रोमला येते. सत्कार आणि भाषणे यांना कंटाळून रात्री वाड्यातून निसटते. जो ब्रॅडली नावाच्या बातमीदाराला ती रस्त्याकडेला झोपलेली सापडते. सकाळी तो तिला ओळखतो, पण तसे दाखवीत नाही. तिची खास मुलाखत मिळाली तर त्याला ५,००० डॉलर मिळावयाचे असतात. मग एक दिवस ती केस कापून घेते, आइस्क्रीम खाते, स्कूटरवरून हिंडते. दोघांचे मन एकमेकांवर जडते, आणि त्याच रात्री ती आपणहून वाड्यात परत जाते.

“चुकलीच ती!” आमचे स्नेही म्हणतात. “कर्तव्य कसले? फिती कापावयाच्या नि हात हलवावयाचा! एवढ्यासाठी जन्माचे सुख मोडावयाचे? इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने १९३६ साली प्रेमासाठी गादी सोडली. इंग्लंड बुडाले का?”

मी त्यांना त्याच एडवर्डच्या पुतणीची आठवण देतो. हा बोलपट आल्यावर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, राजकन्या मार्गारेटने पीटर टाउनसेंडशी विवाह न करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर ते ताडकन म्हणतात, “तिच्यावर दडपण होते, गुरुजी. तिचे उदाहरण देऊ नका.”

आता, माझे म्हणणे नेमके येथूनच सुरू होते. बोलपटाच्या आरंभी राजकन्येला लहान मुलीप्रमाणे रात्री दूध-बिस्किटे देतात, आणि ती रडून गोंधळ घालते तेव्हा सुई टोचून निजवतात. परतून आल्यावर तेच दूध पुन्हा पुढे येते, तेव्हा ती ते शांतपणे नाकारते. राजदूत कर्तव्याची आठवण करून देतो, तर ती त्याला सुनावते की, ती जाणीव नसती तर मी आज परतलेच नसते, कधीच परतले नसते. वाडा तोच, काम तेच. पण पूर्वी ती तेथे ठेवलेली होती, आता आलेली आहे. दार उघडे असताना जो आत येतो, त्याच्याच येण्याला मी त्याग म्हणेन.

बातमीदाराचेही तसेच. तो बातमी छापीत नाही आणि त्याचा मित्र गुपचूप काढलेली छायाचित्रे तिलाच देऊन टाकतो. “दिवसभर खोटे बोलला, मग फेड केली,” असे स्नेह्यांचे मत. मला ते कंजूष वाटते. कर्जबाजारी माणसाने सोडलेले ५,००० डॉलर ही नुसती फेड नव्हे.

गंमत अशी की, ही कथा ज्याने लिहिली त्याचे नाव पडद्यावर नव्हतेच. डाल्टन ट्रम्बोने १९४७ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपल्या राजकीय मतांविषयी उत्तर देण्याचे नाकारले, तुरुंगवास भोगला, आणि चित्रव्यवसायाने त्याला वाळीत टाकले. कथेवर इयन मॅक्लेलन हंटर या मित्राचे नाव लागले आणि १९५४ साली ऑस्करही त्यालाच मिळाले. ट्रम्बो १९७६ मध्ये वारला. ते पारितोषिक त्याच्या पत्नीच्या हाती पडले १९९३ साली! त्याच्या कथेतला बातमीदार स्वखुशीने गप्प राहतो, लेखकाला मात्र गप्प बसविले होते. दोन्ही मौने बाहेरून सारखीच दिसतात.

येथे आमच्या स्नेह्यांनी मला खरा पेच घातला. “हेच तर मी म्हणतो! तुमच्या आठवीतली मुलगी सुटीत लग्न होऊन जाते. बाप सांगतो, तिने आपणहून होकार दिला. तुम्ही तिच्या मैत्रिणींना सांगणार राजकन्येचा त्याग? ज्यांनी दारच पाहिले नाही त्यांना परत येण्याचा महिमा सांगू नये, गुरुजी.”

हा मुद्दा वजनदार आहे. पण म्हणून कथा टाकून द्यावी, हे मला पटत नाही. राजकन्येचे परतणे मोठे ठरते ते मधल्या एका दिवसामुळे. त्याग शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी तो दिवस द्यावयास हवा, आणि तो मिळाल्यावर ती परत येईलच अशी हमी मागता कामा नये. मी वर्गात ही गोष्ट नाचापर्यंत सांगतो, आणि पुढे तिने काय करावे ते मुलींनाच विचारतो. गेल्या वर्षी मला कर्तव्याविषयी काहीतरी ऐकावयास मिळेल असे वाटले होते. मागच्या बाकावरची एक उठून म्हणाली, “तिला स्कूटर कोणी शिकवली, गुरुजी?”

कोणीच नाही, मी म्हणालो. तिने एकदम हातात घेतली, बाजारात लोकांची त्रेधा उडवली आणि शेवटी पोलिसांनी धरून नेले. वर्ग पोट धरून हसला. मग तिने विचारले, “पण पडली का?”