जमिनीखालचे पाणी आणि शेजाऱ्याचा हक्क



पवित्र कुरआनच्या सूरह रहमानमध्ये (55:7-9) अल्लाह तआलाने आकाश उंचावल्याचा आणि 'मीजान' म्हणजे तुला स्थापन केल्याचा उल्लेख एकाच ओघात केला आहे आणि त्या तुलेत मर्यादा ओलांडू नये, अशी ताकीद दिली आहे. तराजू म्हटला की आपल्याला दुकान आठवते. परंतु ही आज्ञा शेतालाही लागू आहे.

आपल्या तळोदा परिसरात सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत कापूस, ऊस, केळी, पपई ही पिके घेतली जातात. त्यांना नत्र लागते आणि युरियात ते 46 टक्के असते. खत घालणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न प्रमाणाचा आहे. अनुदानामुळे युरिया स्वस्त मिळतो, पाने हिरवीगार दिसतात आणि आणखी एक गोणी टाकण्याचा मोह होतो. मात्र घातलेल्या नत्रापैकी पिकाला साधारण निम्मे, पुष्कळदा त्याहूनही कमी लाभते. उरलेल्यातील काही अमोनिया होऊन हवेत उडते. काहीचा नायट्रस ऑक्साइड बनतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ घडवतो. काही नायट्रेटच्या रूपाने झिरपत विहिरी-कूपनलिकांपर्यंत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. ते फार वाढल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. उलट त्याचे प्रमाण वाढते.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहानुसार पाणी, कुरण आणि अग्नी यांत सर्व मुसलमान भागीदार असल्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. शेताचा सातबारा आपल्या नावावर असेल. त्याखालचा झरा सर्वांचा आहे. अल्लाहच्या हक्कात झालेली चूक तौबा केल्याने माफ होण्याची आशा असते. माणसाचा हक्क मात्र त्या माणसाने माफ करावा लागतो. ज्या बाळाचे नावही आपणास ठाऊक नाही, त्याच्याकडे क्षमा कशी मागणार?

याचा अर्थ खत एकाएकी बंद करावे, असा नाही. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक थांबवली. भाताचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. गरिबाच्या ताटातील घास हिरावणे हाही तुलेचा भंगच होय. म्हणून आधी माती तपासून घ्यावी. युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा, मातीआड करावा, मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकू नये. शेणखत वाढवावे. मूग, तूर, हरभरा यांना फेरपालटात स्थान द्यावे. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीला देतात. ही कारखान्याविना मिळालेली अल्लाहची देणगी आहे.

पेरलेल्या पिकातून पक्षी, माणूस वा जनावर जे खाईल, ते पेरणाऱ्यासाठी सदका ठरते, अशी शुभवार्ता बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसांत आहे. त्याच शेतातून झिरपणारे पाणी कोणाला अपाय करणार नाही, याची काळजी घेणे हे त्या सदक्याचे रक्षण आहे.

अल्लाह आपणास समतोल राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.