खड्यांखाली

चिऊने आपल्या माशाचं नाव ‘थिबा’ ठेवलं, तेव्हा रत्नागिरीत त्याचा खुलासा कुणाला करावा लागला नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं, आणि १९१० साली बांधून झालेल्या टेकडीवरच्या राजवाड्यात तो १९१६ मध्ये वारला. शाळेच्या सहलीत ही हकीकत ऐकून आलेल्या चिऊला आपला मासा तसाच वाटला. निळाजांभळा, झुलत्या परांचा, तोऱ्यात फिरणारा, आणि काचेच्या बाऊलमध्ये एकटा. दुकानदार त्याला फायटर म्हणत होता, पुस्तकात बेट्टा असं नाव होतं. हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे खऱ्या थिबाच्या शेजारच्या मुलखातला. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचे पर फाडतात, म्हणून एकटाच ठेवावा लागतो.

गणपतीला घरातले सगळे लांज्याकडच्या गावी निघाले. थिबाची जबाबदारी शेजारच्या बंड्यावर सोपवली. चिऊने दाण्यांची डबी त्याच्या हातात दिली आणि बजावलं, “उपाशी ठेवू नकोस हां.” बंड्याने शब्द पाळला. शाळेत जाताना, शाळेतून आल्यावर, खेळून आल्यावर, झोपण्याआधी तो चिमूट चिमूट दाणे टाकत राहिला. मासा वर आला नाही की त्याला वाटे, रुसलाय. मग तो आणखी टाके.

मंडळी परतली तेव्हा थिबा तळाशी बसला होता. पर अंगाला चिकटलेले, शेपटीची कड कुरतडल्यासारखी, रंग विटलेला. मध्येच कसाबसा वर येऊन हवेचा घोट घेई आणि पुन्हा खाली जाई. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर श्वासाचं एक वेगळं इंद्रिय असतं, म्हणून तो वरची हवाही घेऊ शकतो. भाताच्या खाचरातल्या उथळ, कोंदट पाण्यात त्याचं निभतं ते त्यामुळेच. पण श्वास मिळाला म्हणजे पाण्यातलं विष टळलं असं नाही.

घरात धावपळ सुरू झाली. बाबांनी बाऊल उचलून मोरीत रिकामा केला, नळाचं ताजं पाणी भरलं आणि मासा परत त्यात सोडला. “आता बघ कसा टवटवीत होतो!” तो आणखीच मलूल झाला. मग दुकानातून औषधाची बाटली आली. लेबलवर लिटरला किती ते छापलं होतं, पण अक्षर बारीक आणि काळजी मोठी, त्यामुळे थेंब अंदाजानेच पडले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चिमूटभर हळद टाकायला सांगितली, ती टाकली. समोरचे काका म्हणाले, “माझ्याकडे सर्दीच्या वेळची कॅप्सूल उरलीय, अर्धी फोडून घाला.” तीही पडली. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. साऱ्या उपायांत माशाला न झोंबलेला तो एवढाच. चिऊ रोज दाणे टाकत होती, कारण आजारी माणसाने खाल्लं तरच अंगात ताकद येते हे तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रत्येक उपायानंतर घरातल्यांना तासभर बरं वाटे. माशाला वाटत नसे.

रविवारी मामा आला. तो खाडीकाठच्या एका कोळंबी प्रकल्पावर कामाला. चपला काढल्या काढल्या चिऊ त्याला ओढतच बाऊलपाशी घेऊन गेली.

“मामा, सगळी औषधं घातली रे, तरी हा बरा होत नाही!”

मामाने माशाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्याने बाऊलवर नाक नेलं, हुंगलं आणि विचारलं, “हे रंगीत खडे कधी उचलले होते?”

कुणीच उचलले नव्हते. बाबांनी पाणी ओतलं होतं, खडे मात्र शोभेसाठी तसेच ठेवले होते.

मामाने सलाइनची जुनी नळी मागवली. तिचं एक टोक खड्यांत खुपसलं, दुसरं खाली ठेवलेल्या पांढऱ्या वाडग्यात सोडलं. नळीतून आधी गढूळ पाणी आलं, मग काळपट गाळ, आणि मग दाणे. फुगलेले, बोट लावलं तर पिठासारखे विरघळणारे, आणि प्रत्येकावर पांढऱ्या बुरशीची लव. वाडगं भरत आलं तसा दर्प सुटला. काकूंनी पदर नाकाला लावला.

“हा तुमचा आजार,” मामा म्हणाला. “मासा नुसता त्याच्यात बसलाय.”

दारात उभा असलेला बंड्या रडवेला झाला. मामाने त्याला जवळ बोलावलं. “रडू नको रे. तुझे दाणे माशाने खाल्ले नाहीत, पाण्याने खाल्ले. आमच्या प्रकल्पावर हे रोजचंच आहे. आम्ही तळ्यात खाद्याचा ट्रे सोडतो आणि दोन तासांनी उचलून बघतो. ट्रेमध्ये खाद्य उरलेलं दिसलं की पुढच्या वेळचं कमी करायचं. उरलेलं तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया होतो, आणि मग कोळंबी पटापट मरते. फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन, त्याच्या वर नाही. चांगला धडधाकट फायटर पाच दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. खाऊ घालून मात्र त्याला पाच दिवसांत मारता येतं.”

“मग मी पाणी बदललं ते चुकलं का?” बाबांनी विचारलं.

“बदललंत ते बरोबर. सगळं एकदम बदललंत, आणि तेही थेट नळाचं, ते वाईट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो सोसतो, माशाच्या कल्ल्यांना झोंबतो. शिवाय माशाच्या घाणीतला अमोनिया खाणारे जंतू असतात. ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जंतू नव्या टाकीत जमायला महिना-सव्वा महिना लागतो. तुमच्याकडे जे थोडेफार जमले असतील, त्यांना आधी क्लोरीनने आणि मग त्या कॅप्सूलने मारलं. जंतू मारणाऱ्या औषधाला चांगला जंतू कुठला आणि वाईट कुठला हे कळत नाही. आणि खालचं कुजणं चालूच राहिलं.”

मग त्याने काय करायचं ते सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते फारच कमी वाटलं.

वीस लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा टब आणला. त्यात खडे नाहीत, शोभेची झाडं नाहीत. पाणी होतं ते बाबांच्या भावाच्या विहिरीवरून आणलेलं. विहीर नसेल तर नळाचंच पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, की क्लोरीन बराचसा उडून जातो. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने वीस ग्रॅम जाडं मीठ वजनकाट्यावर तोलून, मगमध्ये विरघळवून थोडंथोडं करत दिवसभरात घातलं. मामाने स्वतःच्या अंगणातल्या बदामाच्या झाडाची दोन सुकी पानं धुऊन टाकली. संध्याकाळपर्यंत पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला. समुद्राकाठचं हे बदामाचं झाड कोकणात दारोदार असतं, आणि सयामकडे फायटर पाळणारे त्याचीच पानं पाण्यात टाकतात. पानांतल्या टॅनिनने पाणी किंचित आंबूस होतं आणि जंतूंची वाढ थोडी मंदावते. मासा एकदम टबात टाकला नाही. बाऊलमध्ये दर थोड्या वेळाने टबातलं कपभर पाणी घालत घालत त्याला नव्या पाण्याची सवय केली आणि मगच सोडला. वर जाळीचं झाकण ठेवलं, कारण फायटर उडी मारतो, आणि पाण्यावर चार बोटं मोकळी हवा सोडली.

“आणि औषध?” चिऊने विचारलं.

“नाही.”

“खाणं?”

“दोन दिवस तेही नाही. मग एक दाणा. खाल्ला तर दुसरा. नाही खाल्ला तर पाच मिनिटांत चमच्याने बाहेर.” त्याने चिऊला जुनी वही दिली. “रोज पाच लिटर पाणी काढायचं, तेवढंच ठेवणीतलं घालायचं, त्यात पाच ग्रॅम मीठ. आणि इथे लिहायचं. मासा तळाशी की वर, पर मिटलेले की उघडे, शेपटीची कड आणखी झडली का. थर्मामीटर मिळाला तर पाण्याचं तापमानही. ते चोवीस ते अठ्ठावीसमध्ये राहिलं पाहिजे. आठवड्याभरात झडणं थांबलं नाही, तर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात कुणाला तरी विचारू. पण तोवर टबात माझ्या परवानगीशिवाय काही पडता कामा नये.”

जाता जाता त्याने तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. खवले पाइनच्या शंकूसारखे बाहेर उभे राहिले आणि पोट फुगलं, तर तो जलोदर. त्यातून मासा क्वचितच वाचतो. “तसं झालं तर ते तुझ्या हातात नाही. पाणी तुझ्या हातात आहे.”

खरी परीक्षा आता सुरू झाली, आणि ती माशाची नव्हती. वहीत पहिल्या पानावर लिहिलं गेलं, ‘तळाशी. पर मिटलेले.’ दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्या दिवशी बाबांचा धीर सुटला. बाटली हातात घेऊन त्यांनी मामाला फोन लावला, “अहो, नुसतं बघत बसायचं? दोन थेंब घालू का?”

“आणखी झडलाय?”

बाबांनी चिऊकडे पाहिलं. चिऊने वही पाहिली. “नाही. तेवढाच आहे.”

“मग हात खिशात घाला,” मामा म्हणाला. “झडणं थांबलं, याचाच अर्थ उपाय लागू पडलाय. बरं व्हायला त्याला वेळ लागणार. तो तुमच्या सोयीने नाही व्हायचा.”

काकू दोनदा हळदीची पुडी घेऊन आल्या आणि दोनदा चहा पिऊन गेल्या. कॅप्सूलवाले काका म्हणाले, “हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं.” चिऊने त्यांना वही दाखवली. रोज बादली उचलणं, पाणी काढणं, मीठ तोलणं, लिहिणं हे ‘काहीतरी’च होतं. फक्त त्यात नाट्य नव्हतं, म्हणून ते कुणाला उपचार वाटत नव्हतं.

मग एका सकाळी थिबा टबाच्या मध्यावर तरंगताना दिसला. पुढे त्याने एक दाणा उचलला, दुसरा थुंकला, आणि चिऊने तो पाच मिनिटांच्या आत बाहेर काढला. शेपटीच्या फाटक्या कडेला एक पातळ, पारदर्शक किनार आली. बंड्याला वाटलं, काहीतरी बुरशी लागली. मामाने मोबाइलवर फोटो पाहून सांगितलं की हा नवा पर फुटतोय, रंग त्यात नंतर भरेल. मग मीठ थांबवलं, पाणी एक दिवसाआड बदलू लागले, आणि महिन्याभरात टबात छोटा स्पंजचा फिल्टर आला. बंड्याला नवं काम मिळालं. सुट्टीत घरचे गावी गेले की रोज टबापाशी येऊन फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं. दाण्यांची डबी त्याच्याकडे नाही. पाण्याच्या वर बुडबुड्यांचा फेस जमलेला बघून त्याने एकदा घाबरून वहीत ‘साबण?’ असं लिहिलं होतं. ते थिबाचं घरटं होतं. नर फायटर तब्येतीने ठीक असला, की अंड्यांसाठी तोंडाने असं बुडबुड्यांचं घरटं बांधतो, मादी जवळपास नसली तरी.

दिवाळीनंतर आजीला चक्कर येऊ लागली. उठली की भिंतीला हात लावी. घरात पुन्हा तीच धावपळ. काकूंनी लिंबू-साखर सुचवली. काकांनी सांगितलं, मान आखडली असणार, पट्टा लावा. बाबा म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक आणतो. आजी स्वतः म्हणाली, वय झालं. सगळं थोडंथोडं करून झालं. चक्कर होतीच.

चिऊ आजीच्या खाटेजवळचा डबा घेऊन आली आणि तो चादरीवर उलटा केला. त्यात चूर्णाच्या पुड्या होत्या, वापरून संपलेली मलमं होती, सुटलेली बटणं होती आणि गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. तिने प्रत्येक पट्टीवरचं नाव वहीत उतरवलं, आजी ती केव्हा घेते ते विचारून समोर लिहिलं, आणि बाबांना म्हणाली, “टॉनिक नंतर. आधी हे पान घेऊन डॉक्टरांकडे जाऊया.”

डॉक्टरांनी पान वाचलं, पट्ट्या हातात घेतल्या आणि दोन बाजूला काढल्या. जुन्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी एका नावाची, नव्याने दिलेली दुसऱ्या नावाची. औषध एकच. आजी दोन्ही घेत होती, कारण कुणी बंद कर म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. रक्तदाब गरजेपेक्षा खाली जात होता. डॉक्टरांनी एक पट्टी स्वतःकडे ठेवून घेतली, पुढच्या तपासणीची तारीख दिली, आणि नवीन काहीही लिहून दिलं नाही.

“पाचशे रुपये घेतले आणि गोळी कमी केली!” आजी रिक्षात कुरकुरली.

“खडे उचलले गो, आजी,” चिऊ म्हणाली.

आजीला ते कळलं नाही, बाबांना मात्र कळलं. मारुती मंदिराच्या चौकात औषधाच्या दुकानापाशी रिक्षा थांबवायची असं येताना ठरलं होतं. बाबांनी रिक्षावाल्याला सरळ पुढे घ्यायला सांगितलं.

तात्पर्य, आपल्या माणसाचं दुखणं दिसलं की काहीतरी द्यावंसं वाटतं. ते देणं पुष्कळदा आपल्याच काळजीवरचा उतारा असतो. ज्याला खरोखर बरं करायचं आहे त्याने आधी रिकाम्या हाताने बसावं, नीट बघावं, आणि काय घालायचं याच्या आधी काय काढायचं ते शोधावं.